पॉवर कोणाची? एका इंग्रजी शब्दाचा रत्नागिरी जिल्ह्यातील हिशेब

(रत्नागिरी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गात एखाद्या शब्दावर व्याख्यान व्हावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. जमिनीचे, पाण्याचे, रोजगाराचे प्रश्न दारात उभे असताना शब्दांचा कीस काढण्यास कार्यकर्त्याला सवड आहे कोठे, असा आक्षेपही घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या जिल्ह्यात एका इंग्रजी शब्दाच्या नावाने जमिनी गेल्या, करार झाले आणि मोडले, शेकडो स्त्री-पुरुष पोलिसांच्या गाड्यांत बसले आणि २०११ साली एक तरुण गोळीने मेला, त्या जिल्ह्यात त्या शब्दाचा अर्थ तपासून पाहणे ही चैन म्हणता येणार नाही. तो शब्द म्हणजे 'पॉवर'.

हा शब्द शिकलेल्यांपुरता राहिलेला नाही. वायरमन सांगतो, 'पॉवर बंद आहे.' चष्मेवाला सांगतो, डोळ्याची पॉवर वाढली. मिरकरवाड्याच्या बंदरात नौकेच्या इंजिनाची हॉर्सपॉवर विचारली जाते. तलाठ्याकडे गेलेल्या शेतकऱ्याला उत्तर मिळते की, या कामाची पॉवर तहसीलदारांना आहे. मुंबईचा चाकरमानी गावच्या भावाला 'पॉवर ऑफ अटर्नी' करून देतो. गावातला पुढारी 'पॉवर दाखवतो'. शाळेतील मुलाला गणितात पॉवर भेटते, तिला मराठी पुस्तकात 'घात' म्हणतात. आणि वर्तमानपत्रात बड्या राष्ट्रांना 'पॉवर' म्हणतात ते वेगळेच.

या सर्व ठिकाणी मराठीजवळ स्वतंत्र शब्द आहेत. वीज, नंबर, अश्वशक्ती, अधिकार, मुखत्यारी, घात, जोर, सत्ता, महासत्ता. इंग्रजीतील एका शब्दाच्या जागी मराठीत नऊ-दहा शब्द उभे राहतात. यावरून कोणी मराठीच्या श्रीमंतीचा अभिमान बाळगील, तर कोणी इंग्रजीच्या लवचिकपणाचे कौतुक करील. कार्यकर्त्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी गौण आहेत. त्याच्यापुढील प्रश्न असा की, एकाच शब्दाखाली इतके निरनिराळे व्यवहार झाकले जात असतील, तर त्यातील कोणता व्यवहार कोणाच्या नजरेआड होतो?

शब्दाचे मूळ

'पॉवर' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. त्याचा मूळ अर्थ 'शकणे' असा साधा आहे. आजच्या फ्रेंचमध्येही 'शकणे' या क्रियापदाचे आणि 'सत्ता' या नामाचे रूप एकच आहे. संस्कृतातील 'शक्' धातूची कथा फारशी वेगळी नाही. शकणे, शक्य, शक्ती ही त्याचीच संतती. म्हणजे करू शकण्याची क्षमता आणि सत्ता यांचे नाते जगातील अनेक भाषांनी ओळखले आहे.

विजेचा अर्थ मात्र बराच नंतरचा. अठराव्या शतकात जेम्स वॉटने वाफेचे इंजिन सुधारले आणि ते विकण्यासाठी त्याची तुलना घोड्याच्या कामाशी केली. तेथून अश्वशक्ती हे माप रूढ झाले. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने १७७६ साली बर्मिंगहॅमजवळचा आपला कारखाना पाहावयास आलेल्या पाहुण्याला सांगितल्याची नोंद आहे की, जगातील प्रत्येकाला जे हवे असते तेच येथे विकले जाते आणि ते म्हणजे पॉवर. कारखानदाराचा हा विनोद होता. परंतु यंत्राची शक्ती आणि माणसांवरील सत्ता या दोहोंना एकच शब्द लावण्यातील सोय त्या विनोदाने नेमकी टिपली होती. पुढे वाफेच्या जागी वीज आली आणि शब्द तोच राहिला. जर्मन भाषेत मात्र सत्तेला एक शब्द आहे, यंत्राच्या कार्यशक्तीला दुसरा आणि तारेतून येणाऱ्या विजेला तिसरा. फ्रेंच माणूसही घरातील विजेला सत्तेचा शब्द लावीत नाही. तेव्हा हा घोटाळा अपरिहार्य नाही. तो एका विशिष्ट भाषेच्या इतिहासात घडला आहे आणि त्या भाषेबरोबर येथे आला आहे.

पोफळी ते अंजनवेल

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर या शब्दाचे मुक्काम स्पष्ट दिसतात. पहिला मुक्काम चिपळूण तालुक्यातील पोफळी. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत केंद्रात १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली. पुढील टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट झाली. सार्वजनिक क्षेत्राची ही कामगिरी लहान नव्हे. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत तिचा वाटा मोठा आहे. परंतु ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या धरणग्रस्तांच्या पिढ्या पुनर्वसनाच्या अर्जांत गेल्या. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे पोफळीची वीज सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी. एका अर्थाची पॉवर वेळेवर पोहोचली. दुसऱ्या अर्थाची, म्हणजे आपल्या आयुष्याच्या निर्णयात भाग घेण्याची पॉवर, त्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्यास कायद्यालाच इतका काळ लागला.

पोफळीचे पाणी पुढे वाशिष्ठी नदीत जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. या खाडीच्या मुखाशीच शब्दाचा दुसरा मुक्काम आहे. 'दाभोळ पॉवर कंपनी' असे नाव जगभर गाजले. वस्तुतः दाभोळ खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात. नावातील 'दाभोळ' पलीकडच्या तीरावरचे होते. नावातील 'पॉवर' कोठची होती, हे समजण्यास मात्र महाराष्ट्राला आठ वर्षे लागली.

काय विकत घेतले?

एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी महाराष्ट्र सरकारचा सामंजस्य करार झाला तो २० जून १९९२ रोजी, आणि राज्य वीज मंडळाशी प्रत्यक्ष खरेदीचा करार झाला तो ८ डिसेंबर १९९३ रोजी. इंग्रजीत त्याचे नाव 'पॉवर पर्चेस अ‍ॅग्रीमेंट'. मराठी वर्तमानपत्रांनी 'वीज खरेदी करार' असे भाषांतर केले. भाषांतर सरळ होते, आणि तेथेच वाचकाची फसगत झाली.

शास्त्रात पॉवर म्हणजे काम करण्याचा वेग. त्याचे माप किलोवॉट आणि मेगावॉट. घरच्या बिलात दिसते ते 'युनिट' मात्र प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेचे माप आहे. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. मेगावॉट म्हणजे केंद्र किती करू शकते. युनिट म्हणजे त्याने किती केले. 'शकणे' आणि 'करणे' यांतील हा फरक.

या करारात किमतीचे दोन भाग होते. एक, प्रत्यक्ष विजेचा आकार. दुसरा, क्षमतेचा आकार. केंद्र ठरलेल्या प्रमाणात वीज देण्यास सज्ज असले की, मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचा आकार द्यावाच लागे. त्यात भांडवलाची परतफेड आणि खात्रीचा नफा धरलेला. त्यावर राज्य सरकारची हमी आणि केंद्र सरकारची प्रतिहमी. म्हणजे वीज मंडळाने प्रामुख्याने वीज विकत घेतलीच नव्हती. त्याने एका कंपनीचे 'शकणे' वीस वर्षांसाठी विकत घेतले होते. मराठीत या कराराचे नाव 'क्षमता खरेदी करार' असे पडले असते, तर पहिल्याच दिवशी सामान्य वाचकानेही विचारले असते : जी क्षमता वापरायची नाही तिचे पैसे का द्यायचे?

जागतिक बँकेने १९९३ सालीच या प्रकल्पाला अर्थसाहाय्य नाकारले होते. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात राज्याला पेलणार नाही, असा त्याचा आशय होता. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मंडळाला महाग वीज कमी उचलावी लागली. जितकी वीज कमी उचलावी तितका क्षमतेचा आकार थोड्या युनिटांवर पडे आणि प्रत्येक युनिटचा दर चढे. २००० साली काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने करार संपुष्टात आणला आणि केंद्र बंद पडले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ साली सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी स्थापन होऊन तिच्याकडे प्रकल्प आला. खाजगी भांडवलाचे कौशल्य म्हणून जे आणले गेले, ते अखेर जनतेच्या पैशाने सावरावे लागले.

सत्ता आणि मुखत्यारी

या प्रकरणात पॉवरचे इतर अर्थही कामाला लागले होते. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याचे आश्वासन देऊन शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. ऑगस्ट १९९५ मध्ये तिने प्रकल्प रद्दही केला. तथापि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन जानेवारी १९९६ मध्ये नव्या अटींना मान्यता मिळाली. पूर्वी दुसरा टप्पा ऐच्छिक होता. आता दोन्ही टप्पे बांधून घेतले गेले आणि एकूण क्षमता २०१५ मेगावॉटवरून २१८४ मेगावॉट झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. सत्ता बदलली होती, करार मोठा झाला होता.

येथे 'पॉवर ऑफ अटर्नी' या अर्थाकडे वळले पाहिजे. कोकणातील सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे मावत नाहीत. निम्मे हिस्सेदार मुंबईत. मग एकाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र होते, आणि कित्येकदा ते दलालाच्या हाती जाते. कायदा सांगतो की मुखत्यार हा मालक नव्हे. ज्याने अधिकार दिला त्याच्या वतीने, त्याने सांगितलेल्या कामापुरता तो वागतो. सर्वसाधारणपणे देणाऱ्याला तो अधिकार काढून घेता येतो आणि देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तो संपतो. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली स्पष्ट केले.

जमिनीच्या बाबतीत जे खेडुताला पटते, ते राज्याच्या बाबतीत का पटू नये? मतपत्रिका हेही एक मुखत्यारपत्रच आहे. मतदार सत्ता विकत नाही, मुखत्यारी देतो. फरक इतकाच की, भावाला दिलेले मुखत्यारपत्र उद्या रद्द करता येते, आमदार-खासदाराला दिलेले पाच वर्षे रद्द करता येत नाही. जयप्रकाशजींनी १९७४ च्या आंदोलनात प्रतिनिधी परत बोलावण्याच्या हक्काची मागणी केली, तिचे मर्म येथे आहे. 'पॉवरमध्ये आले' असे म्हटले की मालकी मिळाल्याचा भास होतो. 'मुखत्यार झाले' असे म्हटले की मालक कोण, हा प्रश्न वाक्यातच शिल्लक राहतो.

पोलीसबळ

१९९६ च्या अखेरीस बांधकाम पुन्हा सुरू झाले, आणि १९९७ साली गुहागर तालुक्यात पॉवरचा आणखी एक अर्थ लोकांना कळला. जमावबंदीचे हुकूम निघाले. मोर्चे अडवले गेले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस शिरले आणि स्त्रियांनाही मारहाण करून पकडून नेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या साऱ्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी तैनात केलेल्या राज्याच्या पोलीसबळाचा खर्च कंपनीने दिला, हे त्यातील नोंदींपैकी एक. म्हणजे राज्याने कंपनीची पॉवर विकत घेतली आणि कंपनीने राज्याच्या पॉवरचे पैसे मोजले. इंग्रजीत हे वाक्य शब्दखेळ वाटेल. मराठीत ते असे होते : राज्याने वीज घेतली आणि दंडशक्ती वापरावयास दिली. मराठी वाक्यात विनोदाला जागा उरत नाही.

अणुवीज की अण्वस्त्रसत्ता?

तिसरा मुक्काम राजापूर तालुक्यातील माडबनचा. ६ डिसेंबर २०१० रोजी फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी करार झाला. १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा आराखडा जैतापूर प्रकल्पाच्या नावाने पुढे आला. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. त्यापूर्वी महिनाभरच जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात घडला होता.

'न्यूक्लिअर पॉवर' या इंग्रजी शब्दांचे दोन अर्थ होतात : अणूपासून केलेली वीज आणि अण्वस्त्रे बाळगणारे राष्ट्र. मराठीतही 'अणुशक्ती' हा शब्द दोहोंच्या मध्ये उभा आहे. तुर्भ्याच्या वसाहतीला 'अणुशक्तीनगर' म्हणतात, प्रकल्पाला 'अणुऊर्जा' म्हणतात. विजेच्या प्रश्नाची उत्तरे दर, सुरक्षितता, जमीन आणि मासेमारी या अंगांनी शोधता येतात, आकडे मागता येतात. राष्ट्राच्या सामर्थ्याचा प्रश्न आला की आकडे विचारणाऱ्याच्या देशभक्तीविषयीच शंका घेतली जाते. माडबनच्या शेतकऱ्याने विजेबद्दल विचारावे आणि उत्तर राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे मिळावे, हे एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे सोपे जाते. अणुवीज हवी की नको याविषयी कार्यकर्त्यांत मतभेद असू शकतील. परंतु वाद कोणत्या अर्थावर चालला आहे, याबाबत मतभेद राहता कामा नये.

शुद्धीचा उपाय पुरेसा नाही

मग 'पॉवर' हा शब्दच मराठीतून हद्दपार करावा काय? ही कल्पना रत्नागिरीला नवी नाही. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर येथे स्थानबद्ध होते आणि त्यांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्याआधी शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला होताच. या प्रयत्नांतून काही चांगले शब्द मराठीला मिळाले. परंतु 'मुखत्यार', 'वकील', 'हक्क' हे शब्दही परभाषेतूनच आले, आणि आज खेडेगावातील माणसाला आपला कायदा त्याच शब्दांत समजतो. शब्द कोठून आला यापेक्षा तो काय दाखवतो आणि काय लपवतो, हे महत्त्वाचे.

शिवाय लपवाछपवी देशी शब्दांनाही चांगली जमते. 'सार्वजनिक प्रयोजन' हे शब्द शुद्ध आहेत. त्यांच्याच आधाराने १८९४ चा भूसंपादन कायदा एकशेवीस वर्षे चालला. 'अधिकार' या शब्दात अधिकाऱ्याची हुकमत आहे आणि नागरिकाचा हक्कही आहे. 'माहितीचा अधिकार' म्हटले की तो नागरिकाचा, 'जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार' म्हटले की तो त्याच्यावरचा. म्हणून प्रत्येक वेळी वाक्य पूर्ण करून घ्यावे लागते.

राममनोहर लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वाला विरोध केला तो मूठभरांची राज्यकारभारावरील मक्तेदारी मोडण्यासाठी. रत्नागिरीच्या संदर्भात त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. पर्यावरणीय परिणामांविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश मराठीत, संपूर्ण अहवाल इंग्रजीत. ज्याची जमीन जाणार त्याला सारांश पुरेसा, असे गृहीत धरणारी ही व्यवस्था आहे. संपूर्ण अहवाल आणि करार मराठीत मागणे, ही जमिनीच्या मोबदल्याइतकीच मूलभूत मागणी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. परंतु जी संमती मागितली जाते ती तरी न वाचलेल्या कागदावरची नसावी.

कार्यकर्त्यांसाठी

यातून कार्यकर्त्यांनी तीन नेम पाळावेत. पत्रकात आणि भाषणात 'पॉवर' हा शब्द एकटा वापरू नये. वीज म्हणायचे असेल तेथे वीज, सत्ता असेल तेथे सत्ता, क्षमता असेल तेथे क्षमता म्हणावे. दुसरे, मेगावॉटचा आकडा कोणी सांगितला की त्याला युनिट, दर आणि न उचललेल्या विजेचे पैसे विचारावेत. तिसरे, करार ग्रामसभेत मराठीत वाचल्याखेरीज त्यावर मत देण्याची घाई करू नये.

आज जयगडला औष्णिक केंद्र आहे, अंजनवेलला वायूवरचे आहे, पोफळीला पाण्यावरचे आहे. एका जिल्ह्यात इतकी विद्युत्केंद्रे असणे ही शक्तीची खूण मानली जाते. विनोबांनी दंडशक्तीहून आणि हिंसाशक्तीहून वेगळ्या अशा तिसऱ्या, लोकांच्या शक्तीची कल्पना मांडली. ती मेगावॉटमध्ये मोजता येत नाही, परंतु तिचीही चाचणी आहे. नव्या प्रकल्पाचा साहेब गावात येऊन 'पॉवर येणार' असे सांगू लागला, की ग्रामसभेतील शेवटच्या बाकावरची बाई उठून विचारते काय : कसली, कोणाची, कोणावर आणि कोणाला विचारून? हे चार प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे मराठीत द्यावी लागली, तर या शब्दाचा एक अर्थ तरी तिच्या मालकीचा झाला असे म्हणता येईल.